एनएफएलमधली धसमुसळ आणि पंचांचा पिवळा फडका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की दर रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, मॅच लागते. मंडळातली दोन-चार कुटुंबं येतात, चिवड्याचा डबा फिरतो आणि दरवर्षी कुणीतरी नवा माणूस तेच प्रश्न विचारतो. उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि इथल्या ईगल्स संघाचा माणूस आहे. पुढे कुठे तोल गेला, तर तेवढं समजून घ्या.

हा खेळ आहे की मारामारी?

हा प्रश्न बाबांचा. साताऱ्याहून पहिल्यांदा आले तेव्हा दहा मिनिटं बघून त्यांनी विचारला. ते तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे माणसाला धरून पाडणं त्यांना नवं नव्हतं. त्यांना खटकलं ते वेगळंच: "आमच्यातही पकड करतात, पण पायांची कैची घातली की पंच शिट्टी मारतो. इथे कशाला शिट्टी आणि कशाला नाही, तेच कळत नाही."

बाबांनी दुखणं बरोबर ओळखलं होतं. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पूर्ण ताकदीने आडवं करणं इथे कायदेशीर आहे, खेळच तो आहे. मनाई आहे ती काही ठरावीक प्रकारांना. हेल्मेटची जाळी धरून मान फिरवायची नाही. मागून कॉलरमध्ये हात घालून खाली खेचायचं नाही. यावर २००५ पासून बंदी आहे. डोकं खाली घालून हेल्मेटने धडक द्यायची नाही, हे २०१८ पासून. मागून कमरेला मिठी मारून स्वतःचं वजन समोरच्याच्या पायांवर टाकायचं नाही. त्याला हिप-ड्रॉप म्हणतात आणि तो २०२४ पासून बंद आहे. झेल घेण्यासाठी हवेत उडालेला, स्वतःला वाचवू न शकणारा खेळाडू असेल तर त्याच्या डोक्या-मानेला हात लावायचा नाही. वाचताना सगळं स्वच्छ वाटतं. मैदानावर शंभर-सव्वाशे किलोची दोन माणसं एकमेकांवर आदळतात, तेव्हा यातलं काय झालं हे डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं.

तो पिवळा फडका काय आहे आणि कोण टाकतं?

फ्लॅग. मैदानावर सात पंच असतात आणि सातही जणांच्या कमरेला तो खोचलेला असतो. पांढरी टोपीवाला रेफरी हा मुख्य. तोच माइकवर येऊन गुन्हा जाहीर करतो, म्हणून शिव्याही त्यालाच बसतात. पण फ्लॅग बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणी टाकलेला असतो.

फडका लांब जावा म्हणून त्यात वजन घालतात. १९९९ च्या डिसेंबरात क्लीव्हलँडच्या ऑर्लँडो ब्राउनच्या उजव्या डोळ्यात असाच छर्रे भरलेला फ्लॅग जाऊन बसला. तो भडकला आणि त्याने रेफरीला ढकलून पाडलं. पण डोळ्याला खरंच इजा झाली होती. पुढचे तीन मोसम तो खेळू शकला नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. धसमुसळीच्या या पानावर पंचाने खेळाडूला जखमी केल्याची नोंदही असायला हवी.

शिक्षा काय होते?

मीटर विसरा, यार्ड धरा. किरकोळ चुकीला ५ यार्ड मागे, आक्रमण करणाऱ्याने होल्डिंग केलं (समोरच्याला हाताने धरून ठेवलं) तर १०, धसमुसळीला १५. बचाव करणाऱ्या संघाने धसमुसळ केली, तर वर समोरच्यांना आपोआप नवा फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला पुन्हा चार प्रयत्न. आणि मग येतं पास इंटरफिअरन्स. झेल घ्यायला निघालेल्याला चेंडू पोचायच्या आधी अडवलं, तर जिथे अडवलं तिथेच चेंडू ठेवतात. चाळीस यार्डांवर अडवलं असेल तर चाळीस यार्ड बक्षीस. कॉलेज फुटबॉलमध्ये याच गुन्ह्याला जास्तीत जास्त १५ यार्ड मिळतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात गाजलेला चुकीचा निर्णय कोणता?

यादी मोठी आहे, पण न्यू ऑर्लिन्सच्या माणसाला विचारलंत तर उत्तर एकच मिळेल.

२० जानेवारी २०१९. न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिसचे रॅम्स. जिंकणारा सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात जाणार. स्कोअर २०-२०, एक मिनिट ४९ सेकंद शिल्लक, सेंट्स रॅम्सच्या १३ यार्डांवर, तिसरा प्रयत्न. सेंट्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ड्रू ब्रीझने उजव्या कडेला टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला. चेंडू हवेत असतानाच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत आला आणि लुईसला आडवं करून गेला. त्याने चेंडूकडे वळूनही पाहिलं नाही. वर हेल्मेटला हेल्मेटही लागलं. म्हणजे एकाच टकरीत दोन गुन्हे, आणि तेही पंचांच्या समोर, कडेच्या रेषेजवळ. फ्लॅग नाही.

तो मिळाला असता तर सेंट्सनी घड्याळ जवळजवळ संपवून शेवटच्या क्षणी फील्ड गोल (किक मारून तीन गुण) मारला असता. तो न मिळाल्याने त्यांना लगेच फील्ड गोल मारावा लागला. २३-२० झाले, पण रॅम्सच्या हातात वेळ उरला. त्यांनी बरोबरी केली आणि जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनने ५७ यार्डांवरून किक मारून सामना २६-२३ असा नेला. आपण चेंडूच्या आधी पोचलो होतो, हे रोबी-कोलमनने नंतर सरळ मान्य केलं. सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सामना संपताच लीगच्या कार्यालयाशी बोलणं झाल्याचं आणि तिथे चूक कबूल झाल्याचं सांगितलं. लीगने रोबी-कोलमनला त्या धडकेबद्दल २६,७३९ डॉलर दंडही केला. म्हणजे बघा, गुन्हा झाला हे खेळाडूला मान्य, लीगला मान्य, दंडाची पावतीसुद्धा फाटली. फक्त निकाल तेवढा जागचा हलला नाही.

मग रिप्ले कशाला आहे? क्रिकेटसारखा डीआरएस का घेत नाहीत?

घेतात, पण ठरावीक गोष्टींसाठी: झेल झाला का, पाय रेषेवर पडला का, चेंडू आधी सुटला का. फाउल झाला की नाही, हे बहुतांशी पंचाच्या नजरेवरच सोडलेलं असतं.

सेंट्सच्या सामन्यानंतर एवढा गहजब झाला की २०१९ च्या मोसमापुरता पास इंटरफिअरन्सही रिप्लेखाली आणला. प्रशिक्षक लाल फडका टाकून दाद मागायचे, रिप्ले स्क्रीनवर हात ओढलेला स्वच्छ दिसायचा, आणि लीगच्या न्यूयॉर्कच्या कार्यालयातून उत्तर यायचं की मूळ निर्णय कायम. पंचाला खोटं पाडण्याइतकी चूक ढळढळीत हवी, अशी अट होती, आणि ढळढळीत म्हणजे किती ते कुणालाच सांगता येईना. आपल्याकडे एलबीडब्ल्यूमध्ये चेंडू यष्टीला लागताना दिसतो तरी 'अंपायर्स कॉल' म्हणून नाबाद ठरतो, तेव्हा जी चरफड होते ती इथे प्रत्येक रविवारी. फरक इतकाच, की अंपायर्स कॉलला निदान चेंडूच्या मापाचा आधार असतो. एका वर्षात हा नियम बासनात गेला.

२०२५ पासून थोडी सुधारणा आहे. जाळी धरणं, कॉलरने खेचणं, असहाय खेळाडूला मारणं अशा फाउलांत टाकलेला फ्लॅग चुकीचा होता असं स्पष्ट दिसलं, तर वरून सांगून तो उचलता येतो. पण न टाकलेला फ्लॅग टाकता येत नाही. म्हणजे सेंट्सवर आज पुन्हा तसाच प्रसंग आला, तर त्यांना पुन्हा हात चोळत बसावं लागेल.

क्वार्टरबॅकला नुसता धक्का लागला तरी फ्लॅग. हा काय लाडावलेपणा?

लाडावलेपणा आहेच, पण तो हिशेबाचा. सगळं आक्रमण ज्याच्यावर उभं, तिकिटं ज्याच्या नावावर विकली जातात, तोच जायबंदी झाला तर संघाचा मोसम बुडतो आणि टीव्हीवाल्यांचाही. म्हणून नियम बहुतेक वेळा एखादा मोठा क्वार्टरबॅक पडल्यावर बदलतात. २००८ च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा गुडघा गेला, पुढच्या वर्षी गुडघ्याखाली झडप घालण्याचा नियम कडक झाला. २०१७ मध्ये अँथनी बारच्या टॅकलने ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं, आणि २०१८ मध्ये हुकूम निघाला की क्वार्टरबॅकला पाडताना आपलं पूर्ण वजन त्याच्यावर टाकायचं नाही.

हा वजनाचा नियम एकदा डोळ्यांसमोर आणा. बचावपटू पूर्ण वेगात येतोय, समोरच्याला मिठी मारतोय, दोघंही हवेत. आता त्याने खाली पडता पडता बाजूला वळायचं. न्यूटनला विचारलं असतं, तर त्यानेही हात जोडले असते. गंमत अशी, की त्याच मोसमात क्वार्टरबॅकच्या लाडाचा मोठा फटका खुद्द रॉजर्सच्याच ग्रीन बेला बसला. १६ सप्टेंबर २०१८ ला मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्यांनी चेंडू हिसकावून घेतला होता, सामना खिशात होता. पण क्ले मॅथ्यूजने कर्क कझिन्सला पाडलं म्हणून फ्लॅग पडला आणि हिसकावलेला चेंडू परत गेला. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला.

२०२२ च्या ऑक्टोबरात तर लागोपाठ दोन दिवस हेच. ९ तारखेला अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने ब्रेडीला कमरेत धरून, किंचित फिरवून खाली बसवलं. अक्षरशः बसवलं. फ्लॅग! रेफरीचं म्हणणं, विनाकारण जमिनीवर आपटलं. अटलांटा सहा गुणांनी मागे होतं आणि चेंडू त्यांच्याकडे यायचा होता, तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि पडताना स्वतःचा हात जमिनीवर टेकवून वजनही सावरलं. तरीही फ्लॅग. चेंडू जोन्सच्या हातात असताना चेंडू फेकणाऱ्याचं संरक्षण कसलं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. वर कडी म्हणजे जॅरेटच्या त्या प्रसंगात लीगने दंड केला तो ब्रेडीलाच, उठताना जॅरेटला लाथ मारायला गेला म्हणून.

पण त्याआधीच्या पंधरवड्यात काय घडलं होतं? मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ आधी एका रविवारी डोकं आपटून लडखडला, आणि चारच दिवसांनी पुन्हा पडला तेव्हा त्याची बोटं हवेत वेडीवाकडी ताठरली. ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर पंचांचे हात फ्लॅगकडे लवकर जाऊ लागले असतील, तर मला नवल वाटत नाही. नियम तोच राहिला, भीती वाढली.

होल्डिंग कधी देतात, कधी सोडतात?

मनात आणलं तर जवळजवळ प्रत्येक खेळीत देता येईल. म्हणून पंच 'परिणाम झाला का' ते बघतात, आणि प्रत्येक पंचाचं माप वेगळं असतं.

आता माझी जखम. १२ फेब्रुवारी २०२३, सुपर बोल, ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटीचे चीफ्स, ३५-३५, एक मिनिट ५४ सेकंद. चीफ्सचा तिसरा प्रयत्न, पास जुजू स्मिथ-शुस्टरच्या डोक्यावरून गेला. बेसमेंटमध्ये आम्ही उड्या मारतोय आणि कोपऱ्यात पिवळं काहीतरी पडलेलं. जेम्स ब्रॅडबेरीने होल्डिंग केलं. पाच यार्डांचा गुन्हा, पण आपोआप फर्स्ट डाउन. चीफ्सनी घड्याळ संपवत आणलं आणि आठ सेकंद राहिले असताना किक मारून ३८-३५ ने जिंकले. जर्सीला चिमूट लागली होती हो, तेवढ्यावर सुपर बोल?

सामन्यानंतर ब्रॅडबेरी स्वतः म्हणाला, की मी जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील अशी आशा होती. आमचाच माणूस कबूल झाला, मग भांडणार कुणाशी! तरी माझा मुद्दा उरतोच. त्या दिवशी तोवर एवढी ओढाताण सोडून देत होते. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये जे चालतं ते शेवटच्या दोन मिनिटांत चालत नाही, किंवा नेमकं उलट होतं. खेळाडूला माप कळायचं कसं? (२०२५ च्या सुपर बोलमध्ये आम्ही याच चीफ्सना ४०-२२ असं धुतलं. विषयाशी संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

पंचच कच्चे असतात का?

नाही. उलट, ते कच्चे असले तर काय होतं ते २०१२ मध्ये दिसलं. पगार आणि पेन्शनवरून वाद झाला, लीगने नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं आणि बदली पंच आणले. २४ सप्टेंबरच्या रात्री सिॲटलमध्ये शेवटच्या खेळीला गोल्डन टेटने ग्रीन बेच्या बचावपटूला दोन्ही हातांनी ढकललं, मग चेंडूवर त्याचा दुसऱ्याच एका बचावपटूशी गुंता झाला. शेजारी उभ्या असलेल्या दोन पंचांपैकी एकाने हात वर करून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे गुण) दिला, दुसऱ्याने त्याच क्षणी घड्याळ थांबवण्याची खूण केली. सिॲटल १४-१२ ने जिंकलं. ढकलण्याबद्दल फ्लॅग पडायला हवा होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. दोन दिवसांत करार झाला आणि जुने पंच परतले. पहिल्या सामन्यात लोकांनी त्यांना उभं राहून टाळ्या दिल्या. पंचांना टाळ्या मिळाल्याचा माझ्या पाहण्यातला तो एकमेव दिवस.

यातल्या बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. प्रसिद्ध माजी रेफरी एड हॉक्युली पेशाने वकील. अब्जावधींच्या उलाढालीच्या खेळाला पूर्णवेळ पंच का परवडत नाहीत, हे मात्र मला कुणी पटवून दिलेलं नाही.

खेळाडू मुद्दाम जखमी करतात का?

काही जण करतात. २००६ मध्ये टेनेसीच्या अल्बर्ट हेन्सवर्थने जमिनीवर पडलेल्या आंद्रे गुरोडच्या उघड्या डोक्यावर बूट घासला, तीस टाके पडले, पाच सामन्यांची बंदी आली. २०१९ मध्ये माइल्स गॅरेटने मेसन रुडॉल्फचं हेल्मेट उपटून तेच त्याच्या डोक्यात घातलं. मोसमाचे उरलेले सहा सामने बाहेर. त्याच वर्षी व्हॉन्टेझ बर्फिक्टला एका हेल्मेटधडकेवरून बारा सामने बसवलं, कारण आधीचं रेकॉर्ड भरगच्च होतं.

आणि संघाने मिळून केलेलंही आहे. २००९ ते २०११ या काळात सेंट्समध्ये चक्क फंड होता: समोरच्याला सामन्याबाहेर काढलं तर १,५०० डॉलर, गाडीवरून न्यावं लागलं तर १,०००. शॉन पेटनवर अख्ख्या २०१२ च्या मोसमाची बंदी आली. होय, तेच पेटन, सात वर्षांनी ज्यांच्यावर अन्याय झाला. न्यू ऑर्लिन्सबाहेर बऱ्याच लोकांना त्यांच्याबद्दल फारसं वाईट का वाटलं नाही, ते यावरून कळावं.

दंडाचे पैसे कुठे जातात?

माजी खेळाडूंच्या मदतीला आणि धर्मादाय कामांना. मालकांच्या खिशात नाही.

जुने लोक म्हणतात, पूर्वीचा खेळ खरा होता. आता मऊ झाला.

१२ ऑगस्ट १९७८, ओकलंड. मोसम सुरू होण्याआधीचा सराव सामना. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली झेल घ्यायला झेपावला, चेंडू हाती लागला नाही आणि जॅक टेटमची धडक बसली. स्टिंगली पुन्हा चालला नाही. फ्लॅग पडला नाही, कारण त्या वेळच्या नियमांत गुन्हा काही नव्हताच. हा तो 'खरा' खेळ.

बाकीचं चित्र उशिरा पुढे आलं. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत गेला, अखेरच्या वर्षांत तो ट्रकमध्ये झोपायचा. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणाऱ्या सीटीई या विकाराचं निदान केलं. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई होता. दान आलेले मेंदू बहुधा त्रास जाणवलेल्यांचेच असतात, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावू नये. तरीही ११०.

सामने फिक्स असतात का? चीफ्सना पंच सांभाळून घेतात ना?

जानेवारी २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सला मिळालेल्या फ्लॅगवर समालोचन करता करता माजी क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनसुद्धा वैतागला, तेव्हा हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही. पण फिक्सिंगचा पुरावा नाही. बास्केटबॉलमध्ये २००७ मध्ये टिम डोनागी नावाचा पंच सट्ट्यात खरंच सापडला होता, फुटबॉलमध्ये तसं काही निघालेलं नाही. माझा अंदाज साधा आहे: मोठा क्वार्टरबॅक पडला की पंचाच्या पोटात गोळा येतो. मात्र २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्याराज्यांत सट्टा कायदेशीर झाला आणि मॅचमध्येच सट्ट्याच्या जाहिराती लागतात. असं घर बांधल्यावर संशय राहायला येणारच.

तुमच्या हातात असतं तर काय बदललं असतं?

चुका बंद होणार नाहीत. चुकीची किंमत कमी करता येईल. खात्री साठ टक्के आणि शिक्षा चाळीस यार्ड, हे गणितच वाईट. पास इंटरफिअरन्सला कॉलेजसारखी १५ यार्डांची मर्यादा घालावी, मुद्दाम ओढून पाडलं असेल तरच जागेवरची शिक्षा ठेवावी. यावर शेजारचा बिल म्हणतो, मुद्दाम होतं की नाही हे पुन्हा पंचच ठरवणार. बिलला चिवडा देऊन गप्प करावं लागतं. बचावातल्या होल्डिंगचा आपोआप मिळणारा फर्स्ट डाउन काढावा. हे मी २०२३ च्या आधीही म्हणत होतो, असं माझी बायको सांगणार नाही.

मुलाला खेळू द्यावं का?

आमचा धाकटा फ्लॅग फुटबॉल खेळतो. त्यात टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तोच प्रकार आहे. टॅकलचा हट्ट त्याने धरला आहे. घरात मत २-१ असं विरोधात आहे.

पहिल्यांदा बघतोय. फ्लॅग कुणावर पडला, ते कसं ओळखू?

रेफरी माइकवर येईपर्यंत थांबू नका. फडका दिसला की खेळाडूंकडे बघा. ज्याने केलंय तो सहसा दोन्ही हात पसरून आभाळाकडे बघत असतो, 'मी काय केलं?' अशा थाटात. बाबा आता तेवढ्यावरून दहापैकी आठ वेळा बरोबर सांगतात.